❌ की ❎ की ✖? वेगवेगळ्या फोनांवर, संगणकांवर फुलीची खूण नक्की कशी टंकायची

रामबागकर

नमस्कार मंडळी,

पावसाळा सरला की आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींची एक दिवसाची महेश्वर सहल निघते. यादी माझ्याकडे असते. गटात नावांची यादी टाकायची, ज्याने त्याने आपल्या नावापुढे येणार असल्यास ✅ आणि नसल्यास ❌ करून ती पुढे पाठवायची, असं ठरलेलं आहे. यंदा माझ्या हातात आलेली यादी ही अशी (नावं काढून टाकली आहेत):

वरच्या मजल्यावरचे काका-काकू ✅
सुदामानगरचे मामा ❎
ताई ✖️
वैशालीनगरचे भाऊजी ×
आजी ▯

मामा येणार नाहीयेत. त्यांनी फुलीच टाकलीय, पण ती हिरव्या चौकोनातली. यादी भराभर वरखाली करणाऱ्याला हिरवा चौकोन दिसतो, आत फुली आहे की बरोबरची खूण हे कोण निरखून बघतं? निम्म्या गटाने मामा येताहेत असंच धरलं. ताईंची फुली माझ्या फोनवर काळी दिसते, सुनेच्या फोनवर डार्क मोड आहे तिथे जवळजवळ दिसतच नाही. आजींच्या नावापुढचा रिकामा चौकोन कुणी टाकला आणि मुळात तिथे काय होतं, पत्ता नाही.

बसवाल्याला जागा आणि आचाऱ्याला पानं वेळेत सांगावी लागतात. म्हणून विचारतोय: यातली खरी फुली कुठली धरायची, आणि ती अँड्रॉईड, आयफोन, विंडोज, मॅक सगळीकडे हमखास टंकायचा मार्ग कोणता? आमच्या गटात पंचविशीपासून ऐंशीपर्यंतचे लोक आहेत.

---

छप्पन_दुकान

व्हॉट्सअ‍ॅपमध्येच पोल आहे की. टाका आणि मोकळे व्हा.

---

रामबागकर

@छप्पन_दुकान, पोल टाकून पाहिला. एका घरातून चार माणसं येणार असतील तर मत एकच पडतं. ज्यांचे फोन साधे आहेत ते गटातच नाहीत. आणि नंतर छापून बसमध्ये हातात धरायला यादीच लागते.

---

सुपर_कॉरिडॉर

काका, आधी कुठली ते सांगतो. ❌ हीच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, तिचा क्रमांक २७४सी (षोडशमानात), दशमानात १००६०. ही जन्मतःच इमोजी आहे. म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तरी ती रंगीत, लाल दिसते. आजच्या सगळ्या मोठ्या फोनांवर आणि संगणकांवर ती लालच आहे.

✖ ची गोष्ट वेगळी. तिचा क्रमांक २७१६. ती मुळात साधं अक्षर आहे, इमोजी नंतर झाली. तिच्यामागे एक न दिसणारं चिन्ह जोडलं (एफई०एफ) तर ती इमोजी म्हणून दिसायला हवी, आणि नाही जोडलं तर मजकुराच्या रंगातली साधी फुली. कुठला फोन ते चिन्ह जोडतो, कुठलं अ‍ॅप ते गाळतं. म्हणून ताईंची फुली दर फोनवर वेगळी दिसते. ताईंनी काही वेगळं केलेलं नाही.

× हे गुणाकाराचं चिन्ह आहे, इमोजी नव्हेच.

आता टंकायचं कसं:

अँड्रॉईड. जीबोर्डवर (गूगलचा कळफलक) हसऱ्या चेहऱ्याची कळ दाबा, वर शोधायची जागा येते, तिथे इंग्रजी अक्षरांत ‘क्रॉस’ लिहा. ❌ आणि ❎ दोन्ही शेजारीशेजारी येतात, मामांचं बोट नेमकं तिथेच घसरलं असणार. एकदा वापरली की ती अलीकडे वापरलेल्यांत पुढे येऊन बसते, त्यामुळे पहिल्यांदा चुकीची निवडली तर पुढेही तीच हाताला लागत राहते.

यापेक्षा पक्का उपाय म्हणजे जीबोर्डच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी. शब्दाच्या जागी ❌ चिकटवा आणि शॉर्टकटच्या जागी ‘नको’ किंवा जे सुचेल ते. मग ते टंकलं की वरच्या पट्टीत ❌ येते.

आयफोन. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट. तिथेही हेच. इमोजी कळफलकात शोधायची सोय आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून आहे.

विंडोज १० आणि ११. विंडोजची कळ दाबून धरून पूर्णविराम. इमोजींची खिडकी उघडते, तिथे ‘क्रॉस’ लिहायला लागा. मराठी कळफलक चालू असेल तर विंडोज आणि स्पेस दाबून आधी इंग्रजीवर या.

मॅक. कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र. ग्लोबची कळ असलेल्या नव्या कळफलकावर ग्लोब आणि ई.

व्हॉट्सअ‍ॅप वेब. विसर्गासारखी दिसणारी कोलनची खूण आणि लगेच ‘क्रॉस’ची इंग्रजी अक्षरं. सुचवण्या खाली येतात.

लिनक्स. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर कंट्रोल, शिफ्ट, यू, मग २७४सी इंग्रजीत, मग एंटर.

---

रामबागकर

वा! हे एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. पर्सनल डिक्शनरीचं आज काकूंच्या फोनवर करून बघतो.

---

अक्षरजुळणी

बरेच दिवसांनी इथे लिहितोय, कारण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. छपाईच्या धंद्यात आयुष्य गेलं. पत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका सगळं जुळवलं. या फुलीचा मागचा इतिहास ठाऊक असला की आजींच्या नावापुढचा रिकामा चौकोनही कळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेजमेकर आणि कोरल या पानं जुळवायच्या प्रोग्रामांच्या दिवसांत आम्ही फुली टंकायचो म्हणजे खरं तर फुली टंकतच नव्हतो. विंगडिंग्ज नावाचा फाँट लावायचो आणि ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर ०२५१ मारायचो. पडद्यावर फुली. ०२५२ मारलं की बरोबरची खूण. ०२५३ आणि ०२५४ ला त्याच दोन्ही खुणा चौकोनात. ही अंगवळणी पडलेली होती, आजही झोपेत सांगेन. पण फाईलमध्ये साठलेलं असायचं ते डोक्यावर टोपी घातलेलं एक युरोपीय यू अक्षर. फुलीचा आकार फक्त फाँटच्या अंगात. तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर नेली आणि तिथे फाँट बदलला की फुल्यांच्या जागी टोपीवाले यू आणि बरोबरच्या खुणांच्या जागी दोन टिंबांचे यू. एका संस्थेची हजेरीपत्रकं अशीच छापून आलेली मी पाहिली आहेत, सगळं पान युरोपीय अक्षरांनी भरलेलं.

मराठीचंही तेच होतं. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांत टंकलेला मजकूर फाँट गेला की इंग्रजी अक्षरांचा ढीग व्हायचा. त्या काळी अक्षराला स्वतःची ओळख नव्हती, ती फाँटकडून उसनी घेतलेली होती. युनिकोडने देवनागरीला जशी ओळख दिली तशीच फुलीलाही दिली.

आता फुल्या इतक्या का? हर्मान झाफ या जर्मन अक्षरकाराने केलेल्या खुणांचा एक संच १९७८ मध्ये बाजारात आला, झाफ डिंगबॅट्स. ताऱ्यांच्या, बाणांच्या, कात्रीच्या, पेन्सिलीच्या खुणा. पुढे तो लेझर प्रिंटरांच्या पोटातच बसवून यायला लागला, त्यामुळे जगभर पसरला. युनिकोडने हा संच जवळजवळ जसाच्या तसा उचलला. त्यात चार फुल्या ओळीने होत्या आणि त्या आजही ओळीनेच आहेत: ✕ ✖ ✗ ✘, क्रमांक २७१५ ते २७१८. बारीक गुणाकार, जाड गुणाकार, मतपत्रिकेवरची हाताने मारल्यासारखी फुली आणि तिचंच जाड रूप. छपाईला या चारही सुंदर आहेत. झाफच्या हाताचा डौल बघायचा असेल तर ✗ ला मोठी करून बघा, दोन्ही रेघा सारख्या नाहीत, लेखणी फिरल्यासारख्या आहेत.

❌ आणि ❎ मात्र त्या घराण्यातल्या नाहीत. त्या जपानी मोबाईल कंपन्यांच्या इमोजींतून आल्या. २०१० साली युनिकोड ६.० मध्ये शेकडो इमोजी एकदम आल्या, तेव्हा या दोघींना डिंगबॅट्सच्या वस्तीत मोकळ्या राहिलेल्या जागा मिळाल्या. ✅ सुद्धा त्याच वर्षीची.

आणि आजींचा ▯: एखाद्या यंत्राला क्रमांक कळतो, पण त्याच्याकडच्या एकाही फाँटमध्ये त्या क्रमांकाचा आकार नसतो. मग ते रिकामा चौकोन काढून दाखवतं. खूण हरवलेली नसते. तोच मजकूर निवडून दुसऱ्या नव्या फोनवर पाठवा, आतलं चिन्ह दिसेल.

---

रामबागकर

@अक्षरजुळणी काका, पाठवून पाहिलं. आजींच्या नातवाने ✅ टाकली होती, ती जुन्या फोनवरून फिरून आली होती. म्हणजे आजी येताहेत! फार बरं झालं, नाहीतर त्यांची जागा राहिली असती.

---

सराफा_रात्री

वाखूसा (वाचनखूण साठवली). टोपीवाले यू वाचून डोळ्यांसमोर जुनी हजेरीपत्रकं आली.

---

तोक्योवासी_इंदुरी

❎ हिरवी का, हा प्रश्न इथे राहणाऱ्यालाही पडतो. मी जपानात राहतो, मूळचा लोकमान्यनगरचा. इथे बरोबरला गोळा आणि चुकीला फुली. गोळ्याला मारू म्हणतात, फुलीला बात्सु. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तरावर मास्तर लाल गोळा करतात. ⭕ आणि ❌ ही त्यांची जोडी आहे. आपली बरोबरची टिक इथे बरेचदा चुकीच्या उत्तरावर असते, म्हणून नव्याने आलेली भारतीय मुलं पहिली उत्तरपत्रिका हातात आली की गोंधळतात.

इथल्या प्लेस्टेशन या खेळयंत्राच्या बटणांवर कित्येक वर्षं गोळा म्हणजे हो आणि फुली म्हणजे रद्द असं होतं, बाहेरच्या देशांत उलटं. २०२० मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा इथेही फुलीलाच ‘हो’ केलं. लोकांना बराच काळ जड गेलं.

❎ च्या युनिकोड नावात रंगाचा उल्लेखच नाही. ‘उलट्या रंगातली, चौकोनातली फुली’ एवढंच आहे. रंग ज्याने त्याने दिला. मोठ्या कंपन्यांनी तिला ✅ च्या जोडीला बसवायला हिरवी केली असावी असं मला वाटतं. यादीत मात्र ती वापरू नये, या मताशी मी पूर्ण सहमत.

---

पत्रके_आणि_पाने

मी एका संस्थेचा हिशेब बघते. एक्सेलमधला अनुभव सांगते, कारण शेवटी यादी तिथेच जाते.

रामबागकरांची यादी जशीच्या तशी चिकटवून काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने ❌ मोजल्या तर उत्तर शून्य येईल! ❎, ✖️ आणि × आपल्याला तीन फुल्या दिसतात, एक्सेलला ती तीन वेगळी अक्षरं आहेत. त्याहून त्रासाचं म्हणजे ✖ आणि ✖️ या दोन दिसायला सारख्या फुल्याही वेगळ्या मोजल्या जातात, कारण एकीच्या मागे सुपर_कॉरिडॉर म्हणाले ते अदृश्य चिन्ह आहे. डोळ्यांनी शोधून सापडणार नाही. लेन या सूत्राने लांबी बघा, एकीची १ येते, दुसरीची २.

मी काय करते: मजकूर चिकटवल्यावर सगळ्यात आधी कंट्रोल एच. आधी ✖️, मग ✖, मग ❎, मग ×, एकेक करून सगळ्यांच्या जागी ❌. हा क्रम पाळा. ✖ आधी बदलली तर ✖️ चं अदृश्य शेपूट ❌ ला चिकटून मागे राहतं आणि मोजणी पुन्हा चुकते. नंतरच मोजायचं.

एक्सेलमध्ये सूत्राने ❌ आणायची असेल तर युनिचार आणि कंसात १००६०, इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. २०१३ च्या आवृत्तीपासून हे चालतं. गूगल शीट्समध्ये चार आणि कंसात तोच आकडा. वर्डमध्ये २७४सी इंग्रजीत टंकून ऑल्ट आणि एक्स, झाली फुली. ऑटोकरेक्टमध्ये एकदा घालून ठेवली तर तेही करावं लागत नाही.

जुन्या एक्सेलमध्ये ❌ काळीपांढरी दिसते, घाबरू नका, मोजणीत फरक पडत नाही.

आणि छापताना बघा. काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर ✅ आणि ❎ दोन्ही करडे चौकोन येतात. बसमध्ये, हलत्या उजेडात, आतली पांढरी रेघ बघायला लागते. ❌ ला चौकोन नसल्यामुळे ती आकारानेच वेगळी उठून दिसते.

---

छप्पन_दुकान

हा काळ्यापांढऱ्या छपाईचा मुद्दा एकदम बरोबर. लाल-हिरवा रंग ज्यांना वेगळा ओळखता येत नाही त्यांचंही हेच. माझ्या भावाला तो त्रास आहे, तो आकारावरच चालतो.

---

शाळेच्या_वाटेवर

तांत्रिक सगळं कळलं, पण एक मनातलं बोलू का? वयस्कर माणसाच्या नावासमोर लाल फुली मला बघवत नाही. मी शिक्षिका होते, मुलांच्या वहीत चूक उत्तराला फुली मारली, मुलाच्या नावाला कधी मारली नाही. आमच्या गटात एका आजोबांना हे लागलं होतं. ‘येणार नाही म्हणजे माझी फुलीच मारली की तुम्ही’ असं ते म्हणाले, आणि ते गंमतीत म्हणाले नव्हते. आजारी होते म्हणून येणार नव्हते.

यादीत नावासमोर नुसतं ‘नाही’ लिहिलं तर काय बिघडतं? फुली हवीच तर ती नावापासून दूर, ‘नाही’ या शब्दाच्या मागे ठेवावी.

---

रामबागकर

@शाळेच्या_वाटेवर ताई, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तुमचं म्हणणं पटलं.

---

ऐकून_वाचणारा

ताईंच्या सूचनेला माझं जोरदार +१, कारण वेगळं आहे. मला दिसत नाही, मी फोन टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीने, ऐकतो. इमोजी आली की फोन तिचं नाव उच्चारतो. यादीत प्रत्येक नावाआधी ❌ किंवा ✅ असेल तर मला आधी खुणेचं नाव ऐकावं लागतं, मग माणसाचं, आणि खूण कुणाची होती हे लक्षात ठेवावं लागतं. कुणी जोर द्यायला ❌❌❌❌ असं लिहिलं तर तेच नाव एकामागोमाग एक कानावर आदळतं.

माझ्यासाठी उत्तम क्रम: आधी नाव, मग शब्द, शेवटी एकच खूण. ‘मामा, नाही ❌’. शब्दाने मला कळतं, खुणेने बघणाऱ्याला. ✖ आणि × तर अजिबात नकोत, कारण त्यांना माझा फोन गुणाकारच म्हणतो, आणि वाक्याच्या मध्ये गुणाकार ऐकला की मी दर वेळी थबकतो.

---

सुपर_कॉरिडॉर

@ऐकून_वाचणारा, हे ऐकून मी माझ्या ऑफिसातल्या अ‍ॅपमध्येही बदल करायला सांगणार आहे. तिथे रद्द करायच्या बटणावर नुसती × आहे.

---

सराफा_रात्री

ज्यांचे फोन साधे आहेत त्यांना एसएमएस करता ना? त्यात फुली टाकली तर पैसे जास्त पडतात असं ऐकलंय.

---

सुपर_कॉरिडॉर

इंग्रजी एसएमएसमध्ये हे खरं आहे. साध्या इंग्रजी अक्षरांचा एक संदेश १६० अक्षरांचा असतो. त्यात एक जरी इमोजी आली तरी सगळा संदेश दुसऱ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि मर्यादा ७० वर येते. शंभर अक्षरांचा एक संदेश होता, त्याचे दोन होतात.

पण मराठीत लिहिलं तर मर्यादा मुळातच ७० आहे, कारण देवनागरी त्या १६० वाल्या संचात नाही. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून संदेश थोडक्यात ठेवा. त्यात ❌ टाकल्याने फक्त एका अक्षराची जागा जाते. 🚫 टाकलीत तर दोन. साध्या फोनवर मात्र चौकोन दिसण्याचीच शक्यता जास्त, तिथे ‘नाही’ हा शब्दच पाठवा.

---

रामबागकर

सगळ्यांचं वाचून आज गटात हे टाकलं. कुणाला आपल्या गटासाठी हवं असेल तर उचला:

“मंडळी, महेश्वरसाठी आपल्या नावापुढे आधी शब्द लिहा, मग खूण करा.
येणार असाल तर: येणार ✅ आणि किती जण तो आकडा.
येणार नसाल तर: नाही ❌
हिरव्या चौकोनातली फुली वापरू नका. खूण सापडत नसेल तर ही वरची दाबून धरून कॉपी करा आणि चिकटवा. नुसता शब्द लिहिलात तरी चालेल.
ज्यांच्या घरी कुणाचा फोन साधा आहे त्यांनी त्यांचं उत्तर विचारून कळवावं.”

कॉपी करण्याची ओळ काकूंनी घालायला लावली. त्यांचं म्हणणं, सेटिंग्जमध्ये शिरायला कुणी तयार होणार नाही, चिकटवायला सगळे तयार होतील. दुपारपर्यंत बहुतेक उत्तरं या साच्यात आली. मामांनी ‘नाही ❌’ स्वतः टाकलं.

---

वडोदऱ्याहून_वाचक

धागा वाचतेय. आमच्या वडोदऱ्याच्या मंडळाचं एक जुनं संकेतस्थळ आहे. तिथे ❌ टाकली तर नीट जतन होते, पण 🚫 किंवा हसरा चेहरा टाकला की त्यापुढचा सगळा मजकूर गायब. असं का?

---

सुपर_कॉरिडॉर

ताई, ते संकेतस्थळ मायएसक्यूएल या माहिती साठवणाऱ्या प्रणालीतल्या अक्षरं साठवायच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारावर असणार. नाव यूटीएफ८ असलं तरी त्यात एका अक्षराला तीनच बाइटांपर्यंत जागा आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, ❌ सुद्धा तीन बाइटांची, म्हणून दोन्ही सुखरूप राहतात. 🚫 आणि चेहरे चार बाइटांचे. चौथ्याला जागा नाही, म्हणून तिथपासून मजकूर कापला जातो.

तुमचं संकेतस्थळ जो सांभाळतो त्याला सांगा की तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’ वर न्यायचे. ही सोय २०१० पासून आहे. त्याआधी पूर्ण प्रत काढून ठेवायला सांगा, आणि तक्त्यांसोबत जोडणीची सेटिंगही बदलायला सांगा, बरेच जण ती विसरतात आणि चेहरे तरीही कापले जातात. तोपर्यंत तिथे ❌, ✅ आणि ⭕ बिनधास्त वापरा, तिन्ही तीन बाइटांच्या आहेत.